भागीकाकीची साखर

आमच्या कट्टा गावात मधुमेह कुणाला होत नाही. तिथं लोकांना साखर होते. 'तेका साखर आसा' असं कुणी म्हटलं की ऐकणारा आधी 'किती?' म्हणून आकडा विचारतो आणि आकडा कळला की पुढचा प्रश्न ठरलेला, 'मगे खाता काय?' म्हणजे आजार झाला तो झालाच, वर माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात. हे आकडे काढणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. आधी चोवीस वर्षं कट्ट्याच्या बाजारातल्या एका दवाखान्यात आणि मग निवृत्त होईपर्यंत गोव्याच्या हद्दीपलीकडच्या एका प्रयोगशाळेत. पहिल्या नोकरीत मी रक्तातली साखर मोजली. दुसरीत रक्तपेशींच्या आत साखरेनं केलेली खराबी निस्तरणारं एक एन्झाइम मोजलं. दुसरी नोकरी मिळाली नसती तर पहिल्या नोकरीत मी काय करून ठेवलंय ते मला कधी कळलंही नसतं.

दवाखान्यातली माझी खोली म्हणजे डॉक्टरांच्या खोलीमागचा एक बोळ. एक मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचं एक यंत्र, एक फ्रीज आणि खिडकीबाहेर एसटीचा थांबा. मला सुरुवातीला फार मजा यायची. उपाशीपोटी या म्हणून सांगितलं की लोक सकाळची पेज जेवून यायचे. विचारलं तर म्हणायचे, 'खाऊक नाय काय्येक, नुसती पेज घेतलंय.' पेज हे खाणं आहे हे पटवण्यात माझी पहिली पाच वर्षं गेली. त्या काळी आम्ही लघवीतली साखर निळ्या द्रावणात उकळून बघायचो. साखर असली की निळा रंग जाऊन विटकरी यायचा. एकदा पोयप गावच्या बाजूचे एक निवृत्त मास्तर बाटली घेऊन आले. मी द्रावण उकळलं तर असा विटकरी रंग, की माझेच हातपाय गार पडले. डॉक्टरांनी त्यांना लगेच आडवं करायची तयारी केली. मास्तर मात्र ठणठणीत, पेपर वाचत बसलेले. शेवटी बाटलीचा वास घेतला तेव्हा उलगडा झाला. घरची कोकम सरबताची बाटली होती. 'धुतली होती की नीट,' मास्तर म्हणाले. ते शाळेत शुद्धलेखनाचे गुण कापायचे, म्हणून मी त्यांना जरा जास्तच झापलं.

अशा गमतींमुळे माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की माणसं खोटं बोलतात आणि आकडा खरं बोलतो. पुढे तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी आली तेव्हा तर माझा रुबाब आणखीच वाढला. ही तपासणी कशी होते ते सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण तीन-चार महिने जगतात. त्यांच्यातल्या लाल प्रथिनाला रक्तातली साखर हळूहळू चिकटत जाते. रक्तात साखर जास्त तर चिकटलेलीही जास्त. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी कितीही पथ्य केलं तरी उपयोग नाही, मागच्या तीन महिन्यांची सगळी हकिगत पेशीत नोंदलेली असते. लोक या तपासणीला टरकून असत आणि मला ते आवडायचं.

भागीरथीकाकी आमच्या घरापासून चार कुंपणं सोडून राहायची. सगळे तिला भागीकाकी म्हणत. तिचा नवरा बोटीवर होता, तो लवकर गेला. मुलगा नोकरीला मुंबईत. घरी ती आणि सून शुभदा. काकी बारीक, ताठ आणि बोलायला फटकळ. माझ्या आईनंतर मला हक्कानं ओरडणारी तीच उरली होती. साठीत तिला साखर निघाली. तेव्हापासून तिनं साखर सोडली ती अशी, की गणपतीत मोदकाला नुसता हात लावून तो हात कपाळाला लावायची. तिची उपाशीपोटीची साखर नेहमी चांगली यायची. जेवल्यानंतरचीही बरी. फक्त तीन महिन्यांचा आकडा साडेआठच्या खाली येत नव्हता.

डॉक्टर सज्जन होते. ते तिला प्रेमानं म्हणायचे, "काकी, तुम्ही तपासणीच्या दिवशी चांगल्या वागता. एरवी काय करता ते हा कागद मला सांगतो." काकी म्हणायची, "मी खाऊक नाय." डॉक्टर हसायचे आणि गोळी वाढवायचे. असं तीनदा झालं. शुभदाला तर झोप नव्हती. तिच्या वडलांचा पाय साखरेनं गेला होता, त्यामुळे ती सासूवर पहारा ठेवायची तो द्वेषानं नव्हे, भीतीनं. डबे वर ठेवायची, बाजारात गेली की दुकानदाराला विचारायची, 'आमच्या आयेन काय घेतल्यान काय?' सगळ्या बाजाराला कळलं, की भागीकाकी चोरून खाते. आमच्याकडे एक म्हण आहे, खाई त्याला खवखवे. काकी चिडायला लागली, भांडायला लागली, तेव्हा लोकांनी तीच म्हण तिला लावली.

गोळ्या वाढल्यावर मी तिला बजावून सांगितलं होतं, "काकी, कधी थरथर सुटली, घाम इलो, डोळ्यांपुढे काळोख इलो, तर लगेच चमचाभर साखर तोंडात टाक. इचारत बसा नको." ही सूचना मी गोळ्या वाढलेल्या प्रत्येकाला द्यायची. दिवसाला चारपाच जणांना तरी. त्यामुळे कुणाला काय सांगितलं ते माझ्या लक्षात राहायचं नाही, हे मी आज मान्य करते.

मे महिन्यातल्या एका दुपारी शुभदा धावत दवाखान्यात आली. सासू स्वयंपाकघरात पडली होती. मी बोटातून साखर बघायचं छोटं यंत्र घेऊन तिच्यामागून पळाले. घरात आठदहा बायका आधीच जमलेल्या. काकी भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढरा, पदर भिजलेला. शेजारी साखरेचा डबा आडवा, हातावर साखर, ओठांवर साखर, लुगड्यावर साखर. रंगेहाथ पकडलेला चोर यापेक्षा वेगळा दिसत नाही. मी बोट टोचलं. एकशे नव्वद. जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

काकी माझ्याकडे बघत होती. तिला धड बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "सुलू, तूच सांगलंलंस ना गो?"

आणि मी म्हटलं, "मी चमचो सांगलंलंय, काकी. डबो नाय सांगलंलंय."

बायका हसल्या. मलाही तेव्हा आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटलं. काकीनं मान खाली घातली आणि पदरानं ओठ पुसले.

आता हे मला कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मी दहापैकी दहा गुण मिळवले असते. गोळ्या जास्त झाल्या, साखर एकदम खाली गेली, माणूस थरथरायला लागलं, चमचा शोधायचं भान राहिलं नाही म्हणून डब्यात हात घातला. मी पोचेपर्यंत पंधरावीस मिनिटं गेली होती, पोटात मूठभर साखर गेली होती, तेव्हा आकडा एकशे नव्वद येणार नाही तर काय होणार? पण माझ्या डोक्यात साडेआठचा आकडा घट्ट बसला होता. तो होता म्हणून समोरचा घाम मला दिसला नाही.

त्यानंतर शुभदानं देवळात कौल लावला. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे गावातला मोठा प्रश्न असा सुटतो. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. जमिनीचे वाद, लग्नं, घराचे वासे चढवायचे मुहूर्त, सगळं या पाकळ्यांवर ठरतं. शुभदानं विचारलं, सासू चोरून खाते काय? उजवी पाकळी पडली.

काकीनं त्या दिवसापासून वाद घालणं सोडलं. साखरेचा डबा कपाटात कुलपात गेला. दवाखान्यात यायची ती मुकाट्यानं हात पुढे करायची. माझ्याशी एक अक्षर बोलायची नाही, आणि मी मनात म्हणायची, बरोबर, पकडली गेली ना.

पुढे डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. माझी बहीण दोडामार्गला दिलेली. तिच्या नवऱ्याकडून कळलं, की पलीकडच्या एका प्रयोगशाळेत रक्त काढायला आणि जपायला अनुभवी माणूस पाहिजे, मालवणी बोलणारं असेल तर उत्तम. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आठवडाभर बहिणीकडे राहायचं, रोज सकाळी कामाला जाणाऱ्या पोरापोरींबरोबर हद्द ओलांडायची आणि शनिवारी कट्ट्याला परतायचं असा माझा नवा संसार सुरू झाला.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, देशावरचे होते. माणूस अतिशय हुशार, पण मासे खात नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फळ्यावर काम समजावलं. प्रथिनाला चिकटलेली साखर तशीच राहिली तर प्रथिन हळूहळू बिघडतं. पण पेशीच्या आत एक एन्झाइम असतं. त्याचं नाव फ्रुक्टोसामाइन-थ्री-कायनेज. ते त्या चिकटलेल्या साखरेवर फॉस्फेटचा एक तुकडा चढवतं. तो चढला की साखरेची पकड सुटते आणि ती आपोआप गळून पडते. प्रथिन पुन्हा पहिल्यासारखं.

मी म्हटलं, "म्हणजे फणसाचा चीक."

सरांना कळेना. त्यांना सांगितलं, फणस फोडताना हाताला चीक लागतो. पाण्यानं धुवा, साबणानं धुवा, जात नाही. खोबरेल तेल चोळलं की सुटतो. तुमचं हे एन्झाइम म्हणजे तेल लावणारी बाई. सर इतके खूष झाले की पुढे दिल्लीच्या पाहुण्यांनाही ते फणस सांगायला लागले.

मग ते सहज म्हणाले, "गंमत अशी, की हे एन्झाइम सगळ्यांचं सारखं काम करत नाही. काहींचं चपळ, काहींचं आळशी. आळशी असेल तर रक्तातली साखर ठीक असूनही तीन महिन्यांचा आकडा जास्त दिसू शकतो. नेमका किती फरक पडतो तेच तर आपल्याला मोजायचंय."

माझ्या हातात परीक्षानळ्यांचा ट्रे होता. तो मी टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसले. सरांनी विचारलं, बरं वाटत नाही का? मला भागीकाकीचे ओठ दिसत होते.

हे काम दिसायला किचकट पण करायला घरगुती आहे. रक्त काढायचं, ते बर्फात ठेवायचं. मग यंत्रात फिरवायचं, म्हणजे पेशी खाली बसतात. वरचं पिवळं पाणी काढून वेगळं ठेवायचं, मधली पांढरी साय काढून टाकायची आणि तांबड्या पेशी गार सलाइननं तीनदा धुवायच्या, तांदूळ धुतो तशा, पण हलक्या हातानं. मग त्या मुद्दाम फोडायच्या आणि आतलं एन्झाइम एका तयार पदार्थाबरोबर शरीराइतक्या उबेत ठेवायचं. ठरावीक वेळानं किती काम झालं ते यंत्र सांगतं. सगळी मेख एकाच गोष्टीत आहे. पेशी धुऊन होईपर्यंत एकही फुटता कामा नये. उबेत ठेवल्या तर खराब होतात आणि गोठल्या तर फुटतात. गार पाहिजे, पण गोठलेलं नको.

सरांना किनाऱ्याकडच्या साखरवाल्यांची रक्तं हवी होती. मी म्हटलं, कट्ट्याची चौदा माणसं मी आणते. तेरा सहज तयार झाली. चौदावीकडे जायला मला तीन शनिवार लागले.

काकी पडवीत बसून झाडू बांधत होती. वय ऐंशीच्या घरात, तरी पाठ ताठ. मी रक्त मागितल्यावर म्हणाली, "कित्याक? परत चोर ठरवूक?"

मी तिला फणस, चीक, तेल सगळं सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्या रगताक त्याल नाय."

"असात. नसात. बघूक होया."

मग ती म्हणाली, "एक गजाल सांगतंय. कौल झाल्यार मी एक लाडू खाल्लंय. शेजाऱ्यांकडे पूजा होती. चोरून नाय, सगळ्यांसमोर खाल्लंय."

"कशाक गो?"

"देवान सांगल्यान मी खातंय. मगे देवाक खोटो कशाक पाडू?"

मला हसू आलं. मी म्हटलं, काकी, एका लाडवानं तीन महिन्यांचा आकडा हलत नाही. तिनं हात पुढे केला. म्हाताऱ्या माणसाची शीर सुईखाली सरकते. ती मी अंगठ्यानं दाबून धरली आणि मग टोचलं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं. बाकी तेरा जणांचंही रक्त त्याच दिवशी काढलं, पण सकाळपासून कट्ट्यात लाइट नव्हती, माझ्याकडच्या बर्फाच्या थैल्यांचं पाणी झालं. बाजारात इंदूबाय मासे विकायला बसते, तिच्याकडे गेले. ती भल्या मनाची बाई. माझ्या थर्माकोलच्या पेटीत तिनं बर्फ फोडून भरला, नळ्यांचा ट्रे मध्ये बसवला, वरून पुन्हा बर्फ घातला. मग शेजारच्या गोणीतून दोन मुठी जाडं मीठ घेऊन त्याच्यावर मारलं. "लांब जातलंस मां? मीठ मारल्यार बरफ टिकता." मी शेजारी उभी होते. डोळ्यांदेखत मीठ पडलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लहानपणापासून बर्फावर मीठ पडतानाच बघितलेलं. उलट वाटलं, किती काळजीनं भरून दिलं हिनं.

एसटीत कंडक्टरनं पेटी बघून मला मागच्या सीटवर पिटाळलं. "बाय, मासे मागे." मी म्हटलं, मासे नाहीत, रक्त आहे. "रगत? कोणाचा?" मी म्हटलं, कट्ट्यातल्या माणसांचं. माझ्या शेजारची सीट सावंतवाडीपर्यंत रिकामी राहिली, ऐसपैस प्रवास झाला.

प्रयोगशाळेत पेटी उघडली तर नळ्यांमध्ये तांबडे खडे. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, म्हणूनच तर मासे टिकतात आणि कुल्फी गोठते. विरघळल्यावर यंत्रात फिरवलं. पेशी खाली बसायच्या ऐवजी सगळं जांभळाच्या सरबतासारखं एकसारखं लाल. चौदाच्या चौदा नळ्यांतल्या पेशी फुटल्या होत्या. सरांनी विचारलं, हे झालं कसं? मी खरं कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सुलभाताई, बर्फावर मीठ घातलं तर काय होतं हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, सर, माहीत होतं तेच नडलं.

पुन्हा चौदा घरं. तेरा जणांनी कुरकुर करून दिलं. काकीला मी घाबरतच सांगितलं, की पहिलं फुकट गेलं.

"खंय गेला?"

"इंदूबायन बर्फावर मीठ मारल्यान. रगत फुटला."

काकी हसायला लागली. किती वर्षांनी मी तिला हसताना बघत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मीठ मारल्यान? मगे टिकूक होया होता गो!" आणि तिनं आपणहून दुसरा हात पुढे केला.

ह्या वेळी मी साधा बर्फ पावसकरांच्या चहाच्या दुकानातून घेतला आणि पेटी मांडीवर ठेवून नेली. काकीच्या पेशी मी स्वतः धुतल्या. एन्झाइमची मोजणी तीनदा केली, कारण पहिल्यांदा आकडा बघितल्यावर माझा विश्वास बसला नाही. आमच्या चौदा जणांत सगळ्यात आळशी एन्झाइम तिचं होतं. वरच्या पिवळ्या पाण्यात जी प्रथिनं असतात, ती पेशीबाहेर असल्यामुळे या एन्झाइमच्या राज्यात येत नाहीत. त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोनतीन आठवड्यांचा हिशोब देते. ती अगदी प्रमाणात होती. तीन महिन्यांचा आकडा मात्र नेहमीसारखा साडेआठ.

सर सावध माणूस. त्यांनी लोह बघायला लावलं, रक्ताचे इतर दोष बघायला लावले, ते सगळं ठीक निघालं. मग काकीच्या दंडाला दोन आठवडे साखर मोजणारं चिकटयंत्र लावलं. दिवसरात्र चालणाऱ्या त्या यंत्रातही साखर कधी फार वर गेलेली दिसली नाही. उलट पहाटे खाली जात होती, गोळ्या अजूनही जास्तच होत्या. सर म्हणाले, "सगळं त्या एन्झाइममुळेच आहे असं मी लिहून देणार नाही, अजून आपल्याला पुष्कळ शिकायचंय. पण या बाईंना तीन महिन्यांच्या आकड्यावरून गोळ्या देऊ नयेत, एवढं मी नक्की लिहीन." त्यांनी तिच्या नव्या डॉक्टरांसाठी तसं पत्र लिहिलं. गोळ्या निम्म्याहून कमी झाल्या.

एवढी वर्षं ती बाई रोज थोडी थोडी थरथरत जगली. पहाटे घाम सुटायचा, ती कुणाला सांगायची नाही, आणि साखर तर कुलपात. ती जगली हे तिचं नशीब आणि माझंही. मला यात फार अपराधी वाटतं, ते इथं लिहून कमी होईल असंही नाही. प्रयोगशाळेत माझ्या कामाचं कौतुक झालं. सरांच्या लेखाखाली आभारात माझं नाव आलं. ते पान मी जपून ठेवलंय, पण ते बघताना मला अभिमान वाटतो आणि लगेच लाजही वाटते.

पत्राची एक प्रत घेऊन मी काकीकडे गेले. रतांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, दिवस होते. काकी आणि शुभदा दोघी पडवीत बसून रतांबे फोडत होत्या, सालं एकीकडे, बिया एकीकडे. शुभदानं हात पुसून पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती छोटी किल्ली होती. ती तिनं सासूसमोर ठेवली आणि तिथंच उकिडवी बसून रडायला लागली. काकी तिला म्हणाली, "गप गो. तुझ्या बापाशीचो पाय गेललो, तू भियालंस. तुझा काय चुकला?"

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणता तुझी मशीन?"

"म्हणता तू खाऊक नाय. कधीच खाऊक नाय."

काकीनं एक रतांबा फोडला, बी काढली, साल सुपात टाकली.

"मशिनीन सांगल्यान म्हणान इलंस," ती म्हणाली. "मी सांगी होतंय तेव्हा खंय होतंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. दवाखाना, गर्दी, डॉक्टर, माझं शिक्षण किती, अशी पुष्कळ कारणं माझ्या तोंडाशी आली. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यातलं एकही नव्हतं.

"हयच होतंय, काकी," मी म्हटलं. "तुझ्या पुढ्यातच होतंय."

 काकीनं रतांब्यांची टोपली पायानं माझ्याकडे सरकवली.

"मगे नुसती बसा नको," ती म्हणाली. "फोडूक लाग."